वानर-चितळाच्या दोस्तीचं चित्रपुस्तक (४ ते ६ वर्षं): मजकूर किती, पानं किती, आणि मैत्री दाखवायची कशी?

कोरी_पाटी

नमस्कार. ४ ते ६ वयाच्या मुलांसाठी मराठीत एक चित्रपुस्तक करायला घेतलं आहे. जागा ताडोबाचं रान. पात्रं दोनच, वानराचं पिल्लू आणि चितळाचं पाडस. उन्हाळ्यात खाली गवत उरत नाही, वानर झाडावरून पानं देतं, चितळ खातं, दोघांची गट्टी जमते. मग बिबट्या येतो आणि वानर ओरडून सावध करतं. मजकूर सध्या ९०० शब्दांच्या आसपास आहे. चित्रकार ठरली आहे, पण तिनं ब्रश हातात घ्यायच्या आत खाचखळगे कळावेत म्हणून इथे विचारते.

९०० शब्द फार होतात का? पानं २४ ठेवावीत की ३२? प्राण्यांना बोलतं करावं का? आणि शेवटी तात्पर्य हवंच असा घरातून आग्रह आहे, तो मानावा का? नमुन्याला एक जोडपान (समोरासमोरची दोन पानं) देते:

"उंच झाडावर एक काळ्या तोंडाचे वानर बसले होते. त्याची शेपटी लांब होती. ते हिरवीगार पाने खात होतं. झाडाखाली एक सुंदर, ठिपक्याठिपक्यांचे चितळाचे पाडस उभे होते. त्याला खूप भूक लागली होती. दयाळू वानराने त्याला पाने दिली. पाडस म्हणाले, 'धन्यवाद मित्रा!'"

कानामात्रा

९०० म्हणजे या वयाच्या जवळजवळ तिप्पट. पूर्ण पुस्तकाला २५० ते ४००, एका जोडपानाला १५ ते ३० शब्द. एखाद्या जोडपानाला एकही शब्द नसला तरी चालतं, उलट एखादं तसं असावंच.

पण शब्द मोजून छाटू नका, कारण हाताशी येईल ते छाटलं जातं आणि नको ते उरतं. आधी एकच चाळणी लावा: जे चित्रात दिसणार ते मजकुरातून काढा. तुमच्या नमुन्यात उंच झाड, काळं तोंड, लांब शेपटी, हिरवी पानं, ठिपके, झाडाखाली उभं असणं हे सगळं चित्रकार दाखवणार आहे. 'सुंदर' आणि 'दयाळू' ही तर मुलांनी ठरवायची गोष्ट. मग मजकुरानं काय करायचं? जे चित्राला जमत नाही ते: आवाज, वेळ, क्रम, आणि थोडी वाट बघायला लावणं. म्हणजे साधारण असं:

टप्प!
एक पान पडलं.
टप्प, टप्प!
आणखी दोन.
पाडसानं वर पाहिलं.
वर नुसतं एक शेपूट.

पंधरा शब्द झाले. वानर कसं आहे हे अजून सांगितलेलं नाही, म्हणून पान उलटावंसं वाटतं. पान उलटायला लावणारी ओळ नेहमी उजव्या पानाच्या तळाशी. डाव्या पानावर टाकलीत तर उत्तर शेजारीच दिसतं आणि हवा निघून जाते. 'टप्प' हेच ध्रुपद करा. पुस्तकात चार-पाच वेळा यावं, आणि शेवटच्या वेळी त्याला कलाटणी मिळावी. तिसऱ्या वेळेपासून मुलं तुमच्या आधीच म्हणतात.

आणखी एक. 'बसले होते' आणि 'खात होतं' एकाच परिच्छेदात आहे. मोठ्यानं वाचायच्या पुस्तकात बोलीतली रूपंच घ्या: पानं, केलं, पाडसानं. पण एकदा घेतलीत की शेवटपर्यंत तीच. निम्मं 'वानराने' आणि निम्मं 'वानरानं' असलं की वाचणारा अडखळतो.

तात्पर्याचं म्हणाल तर घालू नका. ज्या गोष्टीला ते लागतं ती अजून लिहून झालेली नसते.

टेंभुर्णीखाली

विषय चांगला निवडलाय, कारण ही जोडी खरी आहे. पण 'वानरानं पानं दिली' हे मात्र खरं नाही. वानर फार उधळं खातं. फांदी ओढायची, दोन घास तोडायचे, बाकीचं टाकायचं. अर्धवट खाल्लेली पानं, फळं, मोडलेले शेंडे खाली पडतात आणि चितळ ते वेचतात. हे जास्त करून कोरड्या दिवसांत दिसतं, कारण तेव्हा गवत वाळून कडक झालेलं असतं. वानराला उंचावरून लांबचं दिसतं, चितळाला वास आणि चाहूल आधी लागते. एकानं इशारा दिला की दुसरा सावध होतो. कोणी कोणावर उपकार करत नाही.

आणि पुस्तकाला हेच सोयीचं आहे! पाच वर्षांच्या मुलाला 'दयाळू' समजावून सांगावं लागतं, 'सांडलवंड' सांगावी लागत नाही. ती तो दिवसातून तीनदा करतो. दोस्ती सांडलवंडीतून सुरू होऊ द्या.

आता चित्रकारासाठी. नेहमी चुकणाऱ्या गोष्टी सांगतो:

वानर म्हणजे काळतोंड्या. तोंड, हात, पाय काळे, अंग राखाडी, शेपूट धडापेक्षा लांब. लाल तोंडाचं, तोकड्या शेपटाचं माकड वेगळं, ते यात येऊ देऊ नका. चालताना शेपूट कुठे वळतं तेही बघा. ढोबळमानानं तापी-गोदावरीच्या उत्तरेकडची वानरं ते पाठीवरून डोक्याकडे वळवतात, दक्षिणेकडची मागे सोडतात. ताडोबा गोदावरीच्या उत्तरेला. अगदी लहान पिल्लू राखाडी नसतं, गडद तपकिरी-काळं असतं, त्याचं तोंड फिकं असतं आणि ते आईच्या पोटाला चिकटलेलं असतं. तुमचं पिल्लू एकटं फांद्यांवर खेळतंय, तर ते राखाडी झालेलं, काळ्या तोंडाचंच हवं.

चितळाचे ठिपके आयुष्यभर राहतात, फक्त पाडसाला असतात असं नाही. पाठीच्या मधोमध गडद पट्टा, गळा आणि पोट पांढरं, कुशीच्या खालच्या बाजूला ठिपके ओळीनं लागलेले. शिंगं फक्त नराला. कळपातल्या सगळ्यांना शिंगं लावली की आई कुठली ते मुलांना कळत नाही. घाबरलं की पुढचा पाय आपटतं, शेपूट वर करतं, खालचा पांढरा भाग चमकतो. ती शेपटं हेच तुमचं 'पळा!'चं चित्र.

सगळ्यात मोठी चूक पार्श्वभूमीची होते. गोष्ट उन्हाळ्यातली आणि चित्रात हिरवंगार रान! फेब्रुवारी-मार्चमध्ये पळसाला पान नसतं, नुसतं केशरी फूल. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पहाटे गळतात, चितळ तीही खातात. एप्रिल-मेमध्ये टेंभुर्णीची फळं पिकतात, तिकडे तेंदू म्हणतात. जांभळं जूनच्या तोंडाला. सागाचं पान गळून खाली चुरचुरीत थर झालेला असतो, त्यावर पाऊल पडलं की आवाज होतो. बिबट्या दबक्या पावलानं का येतो, हे त्या थरामुळे न सांगता कळेल. तुमच्या गोष्टीचं कॅलेंडर ही चार झाडंच आहेत, तारीखवार लिहायची गरज नाही.

बिबट्या निवडलात ते बरोबर, तो झाडावरही चढतो, म्हणजे दोघांनाही धोका. त्याच्या अंगावर पट्टे नकोत, फुलासारख्या कडी-कडीचे ठिपके. आणि लोभापायी सिंह आणू नका. ताडोबात सिंह नाही.

सेंटरपिन

पानांचा हिशोब आवडीवर नसतो, कागदावर असतो. २०×३० इंची कागदाला तीन घड्या घातल्या की ८ पत्रे, म्हणजे १६ पानांचा एक फर्मा होतो. कापून साधारण सव्वासात बाय साडेनऊ इंच आकार मिळतो. दोन फर्मे म्हणजे ३२ पानं, कागद वाया जात नाही. २४ पानं म्हणजे दीड फर्मा. होतं, पण चित्रपुस्तकाला अपुरं पडतं, कारण त्यातली तीन पानं श्रेयनामावली आणि शीर्षकात जातात. साडेआठ इंची चौकोन सगळ्यांना हवा असतो, पण २३×३६ च्या कागदातून तो काढला तर प्रत्येक पत्र्याची जवळजवळ तीन इंचांची पट्टी कटिंगच्या ढिगाऱ्यात जाते. पैसे तिचेही मोजावे लागतात.

३२ चं गणित असं: १ वर शीर्षक, २-३ वर श्रेय आणि एखादं छोटं चित्र, ४-५ पासून ३०-३१ पर्यंत १४ जोडपानं गोष्ट, ३२ वर वानर-चितळाची खरी माहिती. तुमच्या हातात १४ जोडपानं आहेत. गोष्टीचे तेवढेच तुकडे करा, १५वा सुचला तर कुठला तरी एक जातोय असं समजा.

आत्ता, आजच, ८ कोरे ए-फोर कागद एकात एक घालून मधोमध दुमडा आणि दुमडीवर दोन पिना मारा. ३२ पानांची डमी झाली. त्यात पेन्सिलीनं काड्याकाड्यांची चित्रं आणि मजकूर. स्क्रीनवर ओळीनं दिसणारी पानं बघून काहीच कळत नाही. पान उलटल्यावर काय होतं ते हातातच कळतं.

सेंटर पिनच्या, म्हणजे असं दुमडीवर पिना मारलेल्या पुस्तकात अखंड कागदावर छापलेलं जोडपान एकच असतं, १६-१७. रानाचं मोठं, आडवं दृश्य तिथे टाका. बाकी सगळ्या जोडपानांत डावं पान एका पत्र्यावर आणि उजवं दुसऱ्या, घडीत एखादा मिलिमीटर इकडेतिकडे होतो. म्हणून दुमडीवर डोळा, तोंड, शिंगाचं टोक किंवा अक्षर येऊ देऊ नका, दोन्हीकडे १२ ते १५ मिमी मोकळी जागा सोडा. फांदी तिरकी दुमडीतून गेली तरी थोडा सरक झाकला जातो, पण शेपटाची बारीक रेघ गेली तर शेपूट मोडलेलं दिसतं. तुमच्या पुस्तकात शेपटं पुष्कळ आहेत, म्हणून मुद्दाम सांगतो.

चारही बाजूंनी चित्र ३ मिमी जास्त रंगवा (ब्लीड). आतली पानं घडीत पुढे सरकतात आणि कापताना जास्त कापली जातात, तेव्हा पृष्ठांक आणि मजकूर कडेपासून निदान १० मिमी आत. आत १३० जीएसएम (कागदाचं वजन, दर चौरस मीटरला ग्रॅम) मॅट आर्ट पेपर, मुखपृष्ठाला ३०० चं आर्ट कार्ड आणि लॅमिनेशन. चकचकीत कागद ट्यूबलाइटखाली चमकतो आणि कडेला बसलेल्या मुलांना चित्रच दिसत नाही.

पळसाचा केशरी स्क्रीनवर जसा पेटलेला दिसतो तसा चार रंगांच्या छपाईत येत नाही, मातकट होतो. त्यात निळा आणि काळा अजिबात मिसळू देऊ नका आणि निदान त्या एका पानाचा प्रूफ त्याच कागदावर काढून घ्या.

अक्षर शुद्ध काळ्यात ठेवा, चार रंगांच्या मिश्रणातला काळा नको. प्लेट केसभर सरकली की मिश्र काळ्याच्या कडा भुरकट होतात. दुसरा फायदा मोठा: मजकूर फक्त काळ्या प्लेटवर असला की उद्या गोंडी किंवा कोलामी आवृत्ती काढताना तीच एक प्लेट बदलते. गडद चित्रावर पांढरी अक्षरं टाकलीत तर हा फायदा गेला.

कोरी_पाटी

सांडलवंडीनं माझी गोष्टच उलटी झाली, आभार! @सेंटरपिन, अक्षर कोणतं आणि किती मोठं? @कानामात्रा, एक नवीन अडचण आली. दोघांचेही मजकूर बोलीत आणले तर 'ते खाली आलं' म्हणजे कोण, हेच कळेनासं झालंय.

सेंटरपिन

२० ते २४ पॉइंट, ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपटीहून थोडं जास्त, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. डावीकडे सरळ, उजवीकडे मोकळं. दोन्हीकडून सरळ केलं की शब्दांमध्ये भोकं पडतात. ओळ श्वासावर तोडा, 'पाडसानं वर / पाहिलं' असं नाही. जाड-बारीक फरक कमी असलेलं, गाठी मोकळ्या असलेलं अक्षर निवडा. मुक्त परवान्याची 'मुक्त', 'बालू' अशी अक्षरं सहज मिळतात.

एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून तपासा. बऱ्याच फाँटमध्ये आपोआप हिंदी वळणाचे ल आणि श उमटतात. सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा 'मराठी' केली की मराठी वळणाचे येतात, फाँटमध्ये ते असतील तर. राज्य शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयात मराठी वळण दिलेलं आहे. शाळेत मुलं तेच गिरवतात, पुस्तकात दुसरं दिसलं की गोंधळतात. आणि 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला ऱ्य. जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये आणताना त्याचा 'दुसर्या' होतो, रफार उडून पुढच्या अक्षरावर जाऊन बसतो. शेवटच्या पीडीएफमध्ये एक एक ऱ्य बोट ठेवून बघा.

कानामात्रा

'ते' कोण हे कळेनासं होणारच. पिल्लू नपुंसकलिंगी, पाडसही नपुंसकलिंगी. 'ते आलं, ते बघत होतं, त्यानं खाल्लं' यात दोघंही सारखेच. तीन उपाय आहेत. पहिला, सर्वनाम टाळून दर वेळी 'पिल्लू', 'पाडस' म्हणा. लहानांच्या पुस्तकात पुनरुक्ती दोष नाही. दुसरा, एकाला नाव द्या आणि नावाबरोबर लिंग येऊ द्या: वानराचा 'हुप्प्या' आणि चितळाचं 'पाडस', मग 'तो' आणि 'ते' आपोआप वेगळे. तिसरा, एकच नजर ठेवा. पूर्ण पुस्तक पाडसाच्या बाजूनं, म्हणजे वरच्याचं सुरुवातीला नुसतं शेपूट, मग हात, मग तोंड. मला तिसरा आवडेल, पण त्यासाठी चित्रकारही तयार हवी, कारण सगळी चित्रं खालून वर बघणारी होतील.

बोलतं करायचं का, तर माझं मत: माणसाची वाक्यं त्यांच्या तोंडी नकोत. 'धन्यवाद मित्रा' तर माणसाचं पोरही म्हणत नाही.

टेंभुर्णीखाली

@कानामात्रा, इथे थोडा मतभेद. प्राणी बोलले म्हणून निसर्ग खोटा होत नाही, वागले चुकीचं तर होतो. बोलणारं वानर चालेल, मासे तळणारं नको. मात्र या गोष्टीत त्यांचे आवाजच इतके कामाचे आहेत की संवादाची गरज पडू नये. वानराचा धोक्याचा आवाज खोकल्यासारखा, खरखरीत, तुटक: 'खॅक्! खॅक्!' चितळाचा तीक्ष्ण, शिट्टीच्या जवळ जाणारा, आखूड. दोन्ही आवाज वाचणाऱ्याला काढता येतात. बिबट्याच्या पानावर नुसतं 'खॅक्!' आणि पांढरी शेपटं. बस्स.

गोष्टीचा_तास

वाचून दाखवणाऱ्यांच्या बाजूनं थोडं. अंगणवाडीत हे पुस्तक एकजण हातात धरतो आणि मुलं अर्धवर्तुळात दोन-अडीच मीटरवर बसतात. डमीची पानं भिंतीला टेकवून तेवढ्या अंतरावरून बघा. पाडस सापडलं नाही तर ते लहान आहे किंवा पार्श्वभूमीत मिसळलंय. वाळकं गवत तपकिरी, पाडस तपकिरी, हा धोका तुमच्या पुस्तकाला पहिल्या पानापासून आहे. पाडसामागचं गवत फिकट ठेवायला सांगा. आणि धरणाऱ्याचा अंगठा बसतो खालच्या दोन कोपऱ्यांत किंवा मधोमध तळाशी, तिथे मुंगी, खार, शेवटचा शब्द असं काही ठेवू नका.

चाचणी ६ ते ८ मुलांच्या दोन-तीन गटांवर, रंगकामाच्या आधी, पेन्सिलीच्या डमीवरच घ्या. रंगवल्यावर बदल सांगायला जीव होत नाही. 'आवडलं का?' विचारू नका, मुलं हो म्हणतात. एकदा वाचा, मग डमी त्यांच्या हातात देऊन गोष्ट सांगायला सांगा. जिथे गोष्ट तुटते ते जोडपान चित्रात कच्चं. जिथे मूल मागचं पान उलटून बघतं तिथे क्रम चुकलाय. ज्या शब्दाला 'म्हणजे काय?' येतं तो लगेच काढू नका. चित्रावरून उलगडत असेल तर राहू द्या. 'शेंडा', 'कुशी', 'चाहूल' हे शब्द मुलांना पुस्तकातूनच मिळणार.

घाईनं वाचणाऱ्यांनी काय करायचं तेही मजकुराच्या मांडणीतून सांगता येतं. 'टप्प' एकटं, मोठं, ओळीत एकच ठेवलं की माणूस आपोआप थांबतो.

सेंटरपिन

एक राहिलंच. आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) भारतात मोफत मिळतो, राजा राममोहन रॉय एजन्सीकडे ऑनलाइन अर्ज करायचा. छपाईला जायच्या बऱ्याच आधी करा, मुखपृष्ठ अडकून राहतं. चित्रकाराशी लेखी करार, मूळ चित्रं कोणाकडे राहणार आणि दुसऱ्या भाषेतल्या आवृत्तीचं काय, हे दोन्ही त्यात हवं. पुस्तक छापायचं नसून सगळ्यांना मोकळं द्यायचं असेल तर स्टोरीवीव्हर या मुलांच्या मोफत पुस्तकांच्या संकेतस्थळावर टाकता येतं, पण तिथला परवाना सीसी बाय ४.०, म्हणजे श्रेय देऊन कोणीही ते वापरू, बदलू, विकू शकतं. चित्रकाराला हे आधी सांगा.

कोरी_पाटी

नजर पाडसाची ठेवते. मजकूर ३१० शब्दांवर आलाय आणि शेवट असा सुचलाय: पाऊस पडतो. पान २८-२९ वर 'टप्प! एक पान पडलं. खाली कोणीच नाही.' उलटल्यावर ३०-३१ वर शब्दच नाहीत, पिल्लू झाडावरून खाली उतरून गवतात शोधतंय. पण पावसाळ्यात चितळ झाडाखाली नसतात हे बरोबर आहे ना? आणि नजर पाडसाची म्हटल्यावर इथे एकदम वरून दिसणं चालेल?

कानामात्रा

चालेल, फक्त या एकाच ठिकाणी. सगळं पुस्तक खालून वर पाहिल्यावर एकदा वरून खाली पाहिलं की मुलांना पोकळी जाणवेल. त्याआधीच्या कुठल्याही पानावर वरून काही दाखवू नका. आणि 'कोणीच नाही' नंतर टिंबटिंब टाकू नका.

टेंभुर्णीखाली

बरोबर आहे. गवत फुटलं की झाडाखालच्या सांडलवंडीची त्यांना तेवढी गरज राहत नाही, ते मोकळ्या माळावर चरतात. वानरं जमिनीवर उतरतात, त्यामुळे ३०-३१ लाही हरकत नाही. फक्त पडणारं पान आता कोवळं, हिरवं रंगवायला सांगा, मागचा पळसही पानांनी भरलेला. आणि गवत एवढं उंच दाखवा की पाडसाचे दोनच कान वर दिसतील. पिल्लाला ते सापडले नाहीत तरी चालेल, मुलांना सापडतील.